भर दुपारची गिरणी

गिरणी अडायची असली की आधी तिचा आवाज घोगरा व्हायचा. मग पट्टा लपलपायचा, दगड जडावलेल्या पायांनी चालावं तसा दोनचार फेरे घ्यायचा, आणि कापडी नळीतून पडणारं पीठ भरड होत होत थांबून जायचं. गिरणीवालीला हे सगळं आता पाठ झालं होतं. आवाज घोगरा झाला की ती हातातली चाळण टाकून धावायची आणि खटका पाडायची, नाहीतर मोटर जळायची. खटका पाडून मागं वळावं, तर दारातल्या बाया तिच्याकडे असं बघत असायच्या, जणू गावची वीज तिनंच पदराखाली दडवून ठेवली आहे.

"पडला का पुन्हा विजेचा दाब?"

"पडला."

"मग कधी येऊ?"

"शाळा सुटल्यावर या."

हे उत्तर तिनं इतक्या वेळा दिलं होतं की बाया आता ते ऐकायलाही थांबत नव्हत्या. शाळेची घंटा झाली की विजेचा दाब पडायचा, शाळा सुटली की पुन्हा चढायचा. मग दिवेलागणीपर्यंत जेवढं दळून होईल तेवढं. दिवेलागणीला घराघरांत टीव्ही लागले की पुन्हा घरघर. सुगीनंतरचे दिवस होते. घरोघरी नवं धान्य आलेलं, कणग्या भरलेल्या, आणि तिच्या दारातली डब्यांची रांग मात्र रोज आखडत चाललेली. शेजारच्या गावात डिझेलवरची गिरणी होती. पीठ जरा वासाचं निघायचं, पण निघायचं. लोक डोक्यावर पोती घेऊन तिकडे जायला लागले होते, आणि जाताना तिच्या दारावरून मान खाली घालून जात होते. ते तिला जास्त लागायचं.

दोष कुणाचा, यावर गावात दुमत नव्हतं. शाळेत कंप्युटरची नवी खोली झाली आणि त्याच सुमाराला विजेचा दाब पडायला लागला. एवढं सरळ असताना आणखी डोकं कशाला चालवायचं?

नवरा लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर होता. त्यानं फोनवर एका वाक्यात निकाल लावला. "विकून टाक. दगड, मोटर, सगळं. मी एकाशी बोललोय."

तो एकजण, शहरातला व्यापारी, येऊनही गेला. दगडावर बोटाची पेरं वाजवून बघितली, मोटरीवर हात फिरवला, पिठानं भरलेला हात स्वतःच्या विजारीला न पुसता भिंतीला पुसला. "पुढच्या बाजाराच्या दिवशी गाडी घेऊन येतो," म्हणाला.

सासरा तेव्हा दारापाशी बसून सुट्ट्या दगडाला टाकी लावत होता. झिजून गुळगुळीत झालेल्या दगडावर छिन्नीनं पुन्हा रेघा पाडायच्या, म्हणजे दाणा धरला जातो. जन्म गेला होता त्याचा त्यात. व्यापारी गेल्यावर तो म्हणाला, "पोरी, हा दगड आता पुरा करू का अर्धाच ठेवू?"

"पुरा करा मामंजी," ती म्हणाली. "आपल्याकडून अर्धं जायला नको."

आणि मग तिला असा काही संताप आला की ती होती तशीच शाळेकडे निघाली.

होती तशीच म्हणजे भुवयांपासून पावलांपर्यंत पांढरी. पदर झटकला तरी पीठ उडावं अशी. कंप्युटरच्या खोलीत गुळगुळीत फरशी होती, खिडक्यांना पडदे होते, आणि मोठे सर एका यंत्रापाशी वाकून उभे होते. मुख्याध्यापकांना सारं गाव मोठे सरच म्हणायचं. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग फरशीवर उमटलेल्या पांढऱ्या पावलांकडे.

"बाई, पाय तरी झटकून यायचे," ते म्हणाले.

"माझी गिरणी विकायला निघालीय आणि तुम्हाला फरशी सुचतेय," ती म्हणाली. "ही यंत्रं बंद करा दुपारची. माझ्या घराचं पोट तिच्यावर आहे."

"मुलांचं शिकणं बंद करू का मी?"

"तसं कोण म्हणतंय?"

"तसंच होतं त्याचं. तुमची मुलगीही इथंच शिकते. तिला विचारा, तिला चालेल का."

तिची मुलगी खिडकीत होती. एवढीशी चण आणि पायाला क्षणाची उसंत नाही, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणायचे. वर्गातली निम्मी पोरं खिडकीत लोंबकळत होती आणि त्यांच्या मधोमध मुंगी. भांडायला जाताना माणसाला शंभर गोष्टी सुचतात आणि नेमक्या वेळी एकही आठवत नाही, तसं आईचं झालं. ती मागं फिरली. जाताना स्वतःच्याच पावलांवर पाऊल टाकत गेली, म्हणजे फरशी आणखी खराब व्हायला नको. खिडकीतलं कुणीतरी फिदीफिदी हसलं. तो वाण्याचा ढब्बू होता हे तिला न बघताही कळलं.

संध्याकाळी मुंगी जेवताना गप्प होती. आईला वाटलं, पोरीला लाज वाटली असेल. तिला समजवायचं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. "काय झालं मूग गिळून बसायला? आई पिठात लोळते हे आज कळलं का तुला?"

"नाही," मुंगी म्हणाली. "मी हिशोब करतेय. शाळेत किती दिवे, किती पंखे."

"का?"

"सगळे बंद करणार आहे."

आजोबा ताटावरून वर न बघता म्हणाले, "आधी सरांनाच बंद कर. बाकीचं आपोआप होईल."

दुसऱ्या दिवशी मुंगी आणि ढब्बू मोठ्या सरांपुढं जाऊन उभे राहिले. हो, ढब्बूही. हसल्याबद्दल मुंगीनं त्याला मधल्या सुट्टीत गाठला होता. तिथं काय झालं ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही, पण तेव्हापासून तो तिच्या मागं मागं होता. मुलांचं म्हणणं एवढंच होतं की शाळेची वीज आम्ही सांभाळतो. नको असेल तिथला खटका आम्ही बंद करणार, आणि गुरुजींच्या खोलीचा असला तरी कुणी रागवायचं नाही. मोठे सर हट्टी होते, वाईट नव्हते. बाईंशी आपण जरा तोडून बोललो हेही त्यांना रात्रभर टोचलं असावं. "बाजाराच्या दिवसापर्यंत करा," ते म्हणाले.

मग शाळेत एकच धांदल उडाली. प्रत्येक वर्गाला दोन खटकेवाले नेमले गेले. खिडक्यांचे पडदे काढले, तावदानं धुतली आणि दिवसाचे दिवे बंद झाले. पंखे पाळीपाळीनं. लहान वर्ग झाडाखाली गेले. कंप्युटर एकाला एक होते, तिथं एकावर तिघं बसायला लागले. सरांनी पंख्याखालून उठून जरा बाहेर पाऊल टाकावं, तर परत येईतो पंखा बंद आणि दारात खटकेवाला हाताची घडी घालून उभा. मास्तरांचे सदरे पाठीला चिकटले. एका मास्तरांनी तर वहीनं वारा घेता घेता मुंगीला विचारलं, "श्वास घेतला तर चालेल ना गं?"

मधल्या सुट्टीत पोरं धापा टाकत गिरणीच्या दारात यायची. "मावशी, फरक पडला?"

गिरणीवाली खटका टाकायची. मोटर घुमायची, पट्टा फिरायचा, पोरांचे चेहरे फुलायचे. आणि मग तो घोगरा आवाज.

"काडीचाही नाही," ती म्हणायची आणि खटका पाडायची.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शाळेत कुरकुर वाढली. गावात टिंगल सुरू झाली की गिरणीवालीची पोरगी शाळेला उकडून काढतेय आणि गिरणी काही फिरत नाही. पाणवठ्यावर एका बाईनं तिला तोंडावर सांगितलं, "तुझ्या मुलीपायी माझं पोर घामोळ्यांनी फुललंय." ती घरी आली आणि तो सगळा राग मुंगीवर काढला. "कुणी सांगितले होते तुला हे धंदे? जे व्हायचं ते होईल. तू आपला अभ्यास कर."

मुंगी रडली नाही. कोपऱ्यात उकिडवी बसून राहिली, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं. रात्री आईनं तिच्या केसांना तेल लावलं. माफी मागायची तिची तीच रीत होती.

बाजाराला दोनच दिवस उरले होते. गिरणीवाली विळा आणि दोरी घेऊन गवताला निघाली. गिरणी अडली की ती दुपारची हे काम करायची. घरात दोन शेळ्या होत्या, आणि सगळं रान करपून पिवळं पडलं असताना तिच्या शेळ्या मात्र टुमटुमीत होत्या. त्याचं गुपित शाळेच्या मागच्या पडीक जमिनीत होतं. तिथं एका खळग्यात गुडघ्याएवढं हिरवंगार गवत माजलं होतं. कापावं तर आठवड्यात पुन्हा उभं. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते तिच्या दृष्टीला पडलं होतं, आणि दुसऱ्या कुणाच्या पडू नये म्हणून तिनं त्याभोवती बाभळीच्या काट्यांचं भक्कम कुंपण घातलं होतं. कुणाचं जनावर शिरू नये की माणूस फिरकू नये. कुणी विचारलं, शेळ्यांना काय घालतेस गं, की ती नुसती हसायची. त्या सगळ्या वाईट दिवसांत तिच्या नशिबानं तिला एवढी एकच गोष्ट दिली होती, असं तिला वाटायचं.

ती वळणावर आली तर काट्या बाजूला ओढलेल्या, आणि गवतात दहाबारा पोरं घोट्यापर्यंत चिखलात उभी. मधोमध मुंगी. तिच्याशेजारी शाळेचा शिपाई, ज्याला सगळे घंटेवाला म्हणायचे, पायजमा वर खोचून.

"अरे, माझं गवत तुडवताय की रे," ती ओरडली. "कुणी काढल्या माझ्या काट्या?"

पोरं मुंगीकडे बघायला लागली. मुंगीच्या हातावर काट्यांचे ओरखडे होते.

"आई," ती म्हणाली, "आज मधल्या सुट्टीत आम्ही शाळेतला एकेक खटका बंद केला. एक दिवा नाही, एक पंखा नाही. आणि मीटरकडे बघितलं तर त्यातला लाल दिवा लुकलुक लुकलुक पळतोय, म्हणजे वीज जातेच आहे. मग काकांना विचारलं, अजून काय चालू आहे?"

"शाळेच्या विहिरीतली मोटर," घंटेवाला म्हणाला. त्याचा स्वर आधीच पडला होता. "ती सकाळी शाळा उघडताना लावतो आणि सुटताना बंद करतो. पूर्वी तासात टाकी भरायची. आता दिवसभर चालते तरी भरत नाही. पाण्याखाली असते ती, आवाज येत नाही. त्यामुळं ती चालू आहे हे माझ्याही ध्यानात राहत नाही."

"मग आम्ही विहिरीपासून पाइपाच्या मागं मागं चालत आलो," मुंगी म्हणाली. "कुठं फुटलाय ते बघायला. आणि इथं काट्या लागल्या."

गिरणीवालीनं खाली बघितलं. गवताच्या बुडाशी पाणी बुडबुडत वर येत होतं. स्वच्छ, गार. इतके दिवस ती त्यात उभी राहून गवत कापत होती, पाय गार होतात म्हणून तिला बरंही वाटत होतं. सगळं रान जळालेलं असताना इथंच ओल का, असा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. नशिबाला कोण प्रश्न विचारतं? कंप्युटर, पंखे, दिवे, सगळ्यांना तिनं शिव्या मोजल्या. आणि शाळेची मोटर दिवसभर वीज खाऊन पाणी ओढत होती ते इथं, तिच्या कुंपणाच्या आत, तिच्याच शेळ्यांसाठी. कुणी येऊन बघितलं असतं तर कधीच कळलं असतं. पण तिनं कुणाला येऊ दिलं नव्हतं.

तिची कानशिलं शरमेनं तापली. पोरं बघत होती, ढब्बूही बघत होता, पण या खेपेला तो हसला नाही.

"आता मोठ्या सरांना काय सांगायचं?" मुंगी हळूच म्हणाली. "काट्यांचं नाही सांगितलं तरी चालेल. पाइप फुटलाय एवढंच सांगू."

तेव्हा गिरणीवालीला पोरगी किती मोठी झाली ते दिसलं. तिनं विळा खाली ठेवला. "फावडं कुठाय?" तिनं घंटेवाल्याला विचारलं. "तू फावडं आण. मी सरांना आणते."

ती पुन्हा शाळेत गेली. या खेपेला पाय चिखलाचे होते, पण दारातच उभी राहिली. "सर," ती म्हणाली, "तुमचा पाइप फुटलाय. पाणी माझ्या गवताला जात होतं. आणि तिथं कुणी जाऊ नये म्हणून काट्या मी लावल्या होत्या. मला ठाऊक नव्हतं, पण लावल्या मीच."

मोठे सर बंद पंख्याखाली घामानं निथळत बसले होते. त्यांनी तिच्या चिखलाच्या पायांकडे बघितलं. मग ते उठले, चपला बाहेर काढल्या, आणि बाह्या सारत म्हणाले, "टाकी भरत नाही हे मलाही ठाऊक होतं. मी घंटेवाल्याला दोनदा ओरडलो आणि गप्प बसलो. चला, कुठं आहे?"

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर शाळेनं चिखल उपसला. मुलांनी रांग करून घमेली पुढं सरकवली. गिरणीवालीनं स्वतः फावडं धरलं, तिच्या खांद्यांना ते काही नवं नव्हतं. खाली पाइपाच्या सांध्यात झाडाची मुळी शिरली होती, मनगटाएवढी जाड झाली होती आणि सांधा उचकटून मोकळी झाली होती. मुळी तोडली, तुकडा कापला, नवा तुकडा बसवून त्यावर माती दाबली. मुंगीनं टाकीत एक रिकामा बंद डबा तरंगत सोडला, त्याला दोरी बांधली, दोरी कडेवरून बाहेर घेतली आणि तिला दगड लटकवला. टाकी भरत जाईल तसा डबा वर जाणार आणि दगड खाली येणार. दगड खालच्या रेघेला आला की ज्याची पाळी असेल त्यानं पळत जाऊन मोटर बंद करायची. सासऱ्याला हे सगळं घरी सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. "म्हणजे इतके दिवस शेळ्या आपल्याच गिरणीचं पीठ खात होत्या तर," तो म्हणाला. गिरणीवालीला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी त्या घरात तिघं एकदम हसली.

पण गिरणीची मोटर आता दुपारी फिरेल का, हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं. खटका टाकून बघायचं तिचं धाडस होईना. तीच तर एक आशा उरली होती.

बाजाराचा दिवस उजाडला. सकाळी शाळा भरायच्या आधी टाकी काठोकाठ भरली आणि विहिरीतली मोटर बंद झाली. दुपारी व्यापाऱ्याची गाडी गिरणीपुढं उभी राहिली. दोन हमाल उतरले, दोर उतरले, पान्यांची पिशवी उतरली. बाया जमल्या. दळायला नाही, बघायला. कुणाचं घर मोडताना बघायला माणसं जमतात तशा. व्यापारी आत येऊन मोटरीच्या बुडाशी बसला आणि त्यानं पहिल्या नटाला पाना लावला.

"थांबा," गिरणीवाली म्हणाली. "एक डबा दळून घेते. घरचाच आहे."

"या वेळेला? मला तर सांगितलं होतं दुपारी चालत नाही."

"चालली नाही तर न्या."

एवढ्यात मुंगी दारात आली, धावत, दोन वेण्यांतली एक सुटलेली. "आई, सरांनी सगळे कंप्युटर लावलेत. लागतील तेवढे पंखेपण. सर म्हणाले, भरल्या शाळेत चालली तरच चालली म्हणायची. टाक आता."

गिरणीवालीनं वरच्या पेटीत दाणे ओतले. दाणे जरा सांडले. सासरा भिंतीला धरून उठून उभा राहिला. तिनं खटका टाकला.

मोटर घुमली. पट्टा ताणला. दगडानं सावकाश एक फेरा घेतला, मग दुसरा, मग वेग धरला. ती कान देऊन उभी राहिली, बोट खटक्यावर. आता घोगरा होईल. आता. पण आवाज चढतच गेला, चढून एका पट्टीत लागला आणि तिथंच राहिला. भिंतीवरची पिठाची पुटं थरथरून गळायला लागली. कापडी नळी फुगली. तिनं खाली हात धरला. पीठ ऊन होतं आणि बोटांत मऊ लागत होतं. तिनं मूठ मिटली आणि तिला रडू आलं. ती तशीच रडत उभी राहिली, आणि पिठात कुणाला काही दिसलं नाही.

"पहिल्या डब्याला चालते हो कुठलीही," व्यापारी मोठ्यानं म्हणाला.

"बसा मग," सासरा म्हणाला. "दुसरा बघा, तिसरा बघा. आम्हाला घाई नाही."

दुसरा डबा कुठून आला ते कुणाला कळलं नाही. तिसऱ्यासाठी मात्र बाया पळाल्या. बघायला आलेल्या बाया चपला हातात घेऊन घरी पळाल्या आणि डोक्यावर डबे घेऊन आल्या. जी पाणवठ्यावर बोलली होती ती सगळ्यांत पुढं होती. हमालांना दिवसाचं काम हवंच होतं. त्यांनी दोर गुंडाळून गाडीत टाकले आणि लोकांची पोती उतरवून द्यायला लागले. शाळेच्या खिडक्या डोक्यांनी भरल्या होत्या. दगडाचा घुमारा वर्गापर्यंत पोचत होता, आणि आतून कुणी त्यांना जागेवर बसा म्हणत नव्हतं.

व्यापारी बाहेर जाऊन फोनवर हातवारे करत होता. मग आत येऊन त्यानं तो फोन तिच्यापुढं धरला. "घ्या. मालक बोलतायत तुमचे."

तिनं फोन पिठाळ कानाला लावला.

"अगं, हा काय म्हणतोय?" नवरा म्हणत होता. "देत का नाहीस? आणि मागं एवढा आवाज कसला आहे?"

"गिरणीचा."

"आत्ता? भर दुपारी?"

"भर दुपारी. शाळा भरलीय, कंप्युटर चालू आहेत, सगळं चालू आहे. तुमच्या मुलीनं केलं." तिनं फोन दगडापाशी नेला आणि तिथंच धरून ठेवला. लांब कुठंतरी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तो ऐकत असणार. मग तिनं फोन परत कानाला लावला.

तो म्हणाला, "रांग किती आहे?"

तिनं दारातून बाहेर वाकून बघितलं. डबे, पोती, पिशव्या, टोपल्या. ओळ गल्लीला वळसा घालून पुढं गेली होती, आणि शेवटी मुंगी आणि ढब्बू एका म्हातारीचं पोतं दोन्हीकडून धरून ओढत आणत होते.

"शाळेच्या भिंतीपर्यंत," ती म्हणाली.

"मग फोन काय धरून बसलीस?" तो म्हणाला. "ठेव. काम कर."

तिनं फोन व्यापाऱ्याच्या हातात दिला, कपाळावरचा घाम पिठासकट पुसला, आणि दगडाच्या आवाजावर आवाज चढवून ओरडली, "चला, पुढचा डबा आणा."